सासूबाईंच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक माझ्या पायाखाली, तो धड लागत नसे. दुसरा डावीकडे सासूबाईंच्या पायाखाली, तो मुळात नव्हताच. तरी समोर कोंबडी जरी दिसली तरी त्या उजवा पाय असा दाबायच्या की तिथली रबरी मॅट झिजून भोक पडलं होतं.

गाडी म्हणजे दोनच माणसांची, लाल, कापडी टपाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. धाटावला कारखाना उभा करायला आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना ती माझ्या सासऱ्यांना विकून गेला. ती जमिनीला इतकी चिकटून चालायची की रोह्यात तिचं नावच पडलं, चप्पल. लग्नानंतर सासऱ्यांनी मला तिच्यावरच गाडी शिकवली आणि ते गेल्यावर किल्ली आपसूक माझ्याकडे आली. नवरा मोटारसायकलवरून शिफ्टला जातो, त्याला या गाडीचं प्रेम नाही. हिच्यात बसता-उठता कंबर जाते, एवढंच त्याचं म्हणणं.

दरवर्षी भाऊबीजेला सासूबाई पेणला भावाकडे जायच्या त्या याच गाडीतून. आधी सासरे न्यायचे, मग मी. पण एका वर्षी श्रावणात मामांकडे सत्यनारायण होता म्हणून निघालो, पाऊस होता, आणि भिसे खिंड उतरताना वळणापलीकडे म्हशी आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. पुढच्या चाकांतले ब्रेकचे दोन्ही ड्रम ओले झालेले, त्यातला डावाच काय तो लागला आणि गाडी फर्रकन डावीकडे वळून गटारात जाऊन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सासूबाई उतरल्या, लुगड्याला लागलेला चिखल झटकला आणि म्हणाल्या, “मी नाय बसायची गो पुन्हा हिच्यात. विका हिला.”

त्या कमी बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं घरात हुकूम ठरतं. मामांनी पेणमध्ये गिऱ्हाईकही बघून ठेवलं. भाऊबीजेला गाडी घेऊन यायची आणि तिथेच देऊन टाकायची, असं मला न विचारताच ठरलं. माझं डोकं फिरलं. मी नवऱ्याला म्हटलं, “आई त्या दिवशी हिच्यातून पेणला येतील. वाटेत एकदा जरी त्यांनी पाय दाबला, तर किल्ली मी स्वतःच्या हातानं देईन. नाही दाबला, तर गाडी राहील.” तो पोट धरून हसला. आईचा पाय त्याला माहीत होता. पैज आईंना सांगायची नाही, एवढं त्यानं कबूल केलं.

मी गाडी पेणच्या मेस्त्रीकडे नेली, तो तोंडाचा फाटका. पुढच्या चाकांचे ड्रम काढून पावसातही धरणारे डिस्क ब्रेक बसवायचेत म्हटल्यावर म्हणाला, “वहिनी, म्हातारीला नवे दात बसवायचेत व्हय?” मी म्हटलं, “बसव. चावायला लागली की सांगते तुला.” भंगारात गेलेल्या एका छोट्या व्हॅनच्या डिस्क मिळाल्या. त्या या गाडीला धरतील अशा पट्ट्या लेथवर करून घेतल्या. सगळं बसलं, आणि मग चाक चढेचना. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर चाकाच्या रिंगेला आतून अडत होता. मेस्त्री म्हणाला, थोडा घासून टाकू. ब्रेकच घासायचा तर आहेत तेच काय वाईट होते! मी चिडून थोड्या मोठ्या रिंगा शोधून आणल्या.

मग मी आणि मेस्त्री जिते गावापर्यंत चक्कर मारायला गेलो. पोहोचेपर्यंत करपल्याचा वास सुटला, चाकं हात लावू देईनात. “नवे पॅड हायत, रुळतील,” मेस्त्री बेफिकीर. मी तिथंच रस्त्याकडेला जॅक लावायला लावला. ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, तरी चाक फिरत नव्हतं. नळीचा स्क्रू जरा सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे पाय काढला तरी ब्रेकचं ऑइल ढकलणारा जुना सिलिंडर दाब धरून ठेवत होता. तो ड्रमसाठी केलेला, त्याची सवय ड्रमचीच. मग मेस्त्रीनं व्हॅनचाच सिलिंडर बसवला, नळ्यांतली हवा काढली.

खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर मी एकटीच गेले. वेग घेतला, ब्रेक दाबला आणि मुद्दाम स्टिअरिंग सोडून दिलं. गाडी नाकासमोर उभी राहिली. मी एवढ्या जोरात ओरडले की मिठागरातली माणसं काम टाकून बघायला लागली.

भाऊबीजेच्या सकाळी सासूबाई मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन बसल्या. “शेवटचंच हाय ना, बसते,” म्हणाल्या. “पण खिंडीत मी उतरून चालत येईन.” रोह्याबाहेर पडतो तोच कुत्रं आडवं आलं. त्यांचा पाय उचलला गेला, पण दाबायच्या आत गाडी थांबलेली. पाय तसाच अधांतरी राहिला आणि हळूच खाली आला. माझा जीव भांड्यात पडला.

खिंडीच्या माथ्यावर मी गाडी उभी केली. त्यांनी उताराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. “राहू दे,” म्हणाल्या, “चल.”

अर्ध्या उतारावर भाताचे भारे भरलेली बैलगाडी शेतातून थेट रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. चप्पल जागच्या जागी उभी. डब्यातली करंजी वाजली नाही. मी त्या मॅटकडे पाहिलं. भोकावर नुसत्या वहाणा होत्या. सासूबाई दोन्ही पाय वर घेऊन सीटवर छान मांडी घालून बसल्या होत्या.

“माझ्याकडे काय बघतेस? पुढं बघ गो.”

सासऱ्यांच्या शेजारीसुद्धा त्या अशा कधी बसल्या नव्हत्या. हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. हे सासऱ्यांना सांगता यायला हवं होतं, असं फार वाटलं.

पेणला दारात गाडी थांबली, मामा बाहेर आले. सासूबाईंनी पाय खाली टेकला आणि त्या लटपटल्याच. मामा घाबरून धावले. “काय झालं गो बाय? लागलं काय? थांब, गिऱ्हाईक आत बसलंय, आजच देऊन टाकू ही ब्याद.”

“त्याला चहा दे आणि घरी धाड,” सासूबाई माझा खांदा धरून म्हणाल्या. “मला काय नाय झालं. पायाला मुंग्या आल्यात. खिंडीपासून कामच नव्हतं त्याला.”