कस्टममधली बाळगुटी

मी शेवटची बाळगुटी चाटली ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मस्कत विमानतळाच्या कस्टममध्ये.

आमची लेक दोन महिन्यांची झाली होती, आणि आईला ओमानमध्ये, निझव्याच्या आमच्या घरी आणायला मी देवरुखला गेलो होतो. "गुटीचं सामान घेऊ नकोस, तिकडे औषधांचे नियम फार कडक आहेत," असं मी निघेपर्यंत बजावत होतो. आई "बरं" म्हणाली. (आईचं "बरं" म्हणजे "तू बडबड, मी ऐकत नाही"!) मस्कतला बॅग यंत्रातून गेली आणि साड्यांच्या घड्यांतून हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, मायफळ असा सगळा गोतावळा बाहेर आला. वर सहाण!

"ये क्या है? दवा या खाना?" अधिकाऱ्याने विचारलं. (इथल्या ओमानी लोकांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं असतं.)

"दवा! दो महीने की बच्ची के लिए," मी ऐटीत सांगितलं.

"दवा है, तो डॉक्टर की चिट्ठी?"

"नहीं नहीं, खाना!"

"दो महीने की बच्ची ये लकड़ी खाएगी?"

"म्हणजे... मसाला!"

एका दमात तीन वेगळे जबाब देणारा माणूस कुठल्याही देशात संशयितच! त्याने साहेबांना बोलावलं. आता हे विष ठरलं तर सामान जप्त, आणि बहुधा मीही.

आई रडकुंडीला आली. "अरे, नातीसाठी एवढंच तर आणलंय मी!" मग तिनेच पदर खोचला, सहाण टेबलावर ठेवली, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि एकेकाचे दोन-दोन वेढे उगाळले. साहेब बघतच राहिले.

"आ कर," आई मला म्हणाली.

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. आ कर म्हणते ना!"

अख्ख्या रांगेसमोर मी आ केला. ती कडू-तुरट चव जिभेला लागली आणि खरं सांगतो, गलबलून आलं. देवरुखचं स्वयंपाकघर, चुलीची ऊब, आईच्या बांगड्या... धाकट्या बहिणीला गुटी देऊन झाली की सहाण चाटायला मी धावायचो, आणि आई लटकं रागवायची. किती वर्षांत कुणी मला असं भरवलं नव्हतं!

"देखो साहेब," आई विजयाने म्हणाली, "यही खाके इतना बडा हुआ!"

साहेबांनी मला नीट न्याहाळलं: सुटलेलं पोट, टक्कल, घाम, हनुवटीवर ओघळलेली गुटी. मग सगळं सामान त्यांनी आईच्या हातात परत दिलं.

"ले जाओ, माँजी. लेकिन बच्ची को थोड़ा कम देना."