भिंतीवरचा कंप

दामू गेला, हे मी रोह्यातल्या चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा सगळे हसले. त्यांचा दोष नाही. घटकाभरापूर्वीच मी तिथे दामूची गोष्ट रंगवत होतो... त्याने आखलेल्या गणपतीचे डोळे इतके जिवंत, की विसर्जनाच्या वाटेवर देवाला डुलकी लागली आणि लोकांनी आरती दबक्या आवाजात म्हटली. एवढ्यात पेणजवळच्या जोह्याहून, त्याच्या गावाहून, त्याच्या बायकोचा, सुगंधावहिनीचा, फोन आला. “भावजी, हे जेवून आडवे झाले ते उठलेच नाय.” मी तेच टपरीवर सांगितलं, तर टपरीवाला म्हणाला, “पुढं सांग ना. उठून बसला नि चहा मागितला, व्हय ना?” जन्मभर थापा मारल्या, पण पुढं काहीच नाही अशी गोष्ट पहिल्यांदाच माझ्या तोंडी आली होती.

जोहे-हमरापुरात मूर्ती करणारे घरोघर आहेत, पण डोळ्यांची आखणी करणारे हात मोजके. त्यात दामूचा हात पहिला. आणि गंमत अशी, की त्या हाताला तरुणपणापासून कंप. चहाचा कप ओठाशी येईस्तोवर निम्मा चहा सदरा प्यायचा. जेवताना वहिनी न बोलता त्याच्या मनगटावर तळवा दाबून धरायची, मग घास तोंडात जायचा. मी रोह्याच्या औषध कंपनीत पॅकिंगला होतो. तिथली एक बारीक पांढरी गोळी डॉक्टरने त्याला लावून दिली, आणि हात असा ठरला की त्यावर बसलेल्या माशीला वाटावं, आपण देवळाच्या खांबावर बसलोय. “देवाला डोळं मी देतो,” तो म्हणायचा, “आन् मला हात तुझी कंपनी देते, थापाड्या.”

म्हणूनच कंपनीच्या फाटकाजवळची भिंत रंगवायला मी त्याला नेलं. तेव्हाचा मजकूर साधा होता : स्वस्त औषध, घरोघरी. दामूने तो देवाची भुवई काढावी तसा काढला. मग कंपनीचे मालक बदलले. भिंतीला पांढरा हात मारून नवं ध्येय लिहायचं ठरलं : जगातल्या प्रत्येक रुग्णापर्यंत. खाली ‘जागतिक धोरण’ वगैरे. मी शिडी धरली होती. खाली उभ्या मॅनेजरसाहेबांना दामूने वरूनच विचारलं, “साहेब, ती पांढरी गोळी बंद होणार म्हणतात?”

“जुनी झाली ती. धोरणात बसत नाही. आता बाहेरच्या देशांसाठी मोठी औषधं करायची.”

“म्हणजे मी जगात येत नाय?”

“तुम्ही येता हो, गोळी येत नाही,” साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. दामूने ब्रश बुडवला आणि ‘प्रत्येक’ हा शब्द पुरा केला.

गोळी बंद झाली तशी रोह्याची नि पेणची सगळी दुकानं आम्ही पालथी घातली. दुसरी गोळी मिळाली, पण तिने त्याचा दमा चाळवला, म्हणून डॉक्टरनेच ती सोडायला लावली. त्या हंगामात दामू मूर्तींचे पाट रंगवत बसला. डोळे कुणी दुसराच आखत होता... आणि दामू तिकडे पाठ करून बसायचा.

अशात कंपनीचं पुन्हा बोलावणं आलं. ध्येयाखाली मूल्यं लिहायची होती : सचोटी, दर्जा, करुणा. मी म्हटलं, नको जाऊस. तो म्हणाला, “भिंतीला काय डोळं काढायचेत?” अक्षरं ओढ्याच्या पाण्यात पडल्यासारखी उमटली. ‘करुणा’ तर नुसती थरथरत होती. मला वाटलं, आता साहेब पुसायला लावणार. पण साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांना ते वळण भारी आवडलं. फोटो निघाले.

“ही इथलीच कला का?” साहेबांनी कौतुकाने विचारलं.

“आता इथलीच, साहेब,” दामू म्हणाला. “तुमच्याच धोरणातून आली.”

साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

तेराव्याला जोह्याला गेलो. ज्या खोलीत दामू डोळे आखायचा तिथे कंपनीचं कॅलेंडर टांगलंय, त्यावर तीच भिंत, तीच अक्षरं. मी त्यांच्याकडे बघतोय हे वहिनीने पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडायला लागला. ती मला जेवून जा म्हणून सांगत होती, आणि सांगता सांगता तिने हात लांब करून त्या अक्षरांवर तळवा दाबून धरला.