साहेबाचा पणजा नाशिकच्या वहीत

बहारीनला हिद्दच्या वर्कशॉपमधला माझा स्कॉटिश साहेब रोज जेवताना स्वतःची वंशावळ शोधायचा. बाप वेल्डर, आजा बोटी बांधणारा, पणजा कोळशाच्या खाणीत, त्यामागे मफी, म्हणजे काहीच नाही! रोज तेच ऐकून माझं डोकं उठलं.

"आमच्या नऊ पिढ्या नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आहेत," मी ठणकावलं. साहेबाचं तोंड एवढंसं झालं.

पुढे लीव्हवर नाशिकला गेलो. त्या वहीत आपल्या हाताने घरच्यांची नावं लिहायची असतात. मी लिहिली, आणि उपाध्ये चहा सांगायला वळताच खाली साहेबाचे बाप, आजा, पणजाही धंद्यासकट घुसवले.

त्या पानाचा फोटो बघून साहेब जाम खूश. आता माझ्या पणतवंडांनी डोकं खाजवत बसावं, हा कोळसेवाला गोरा आपल्या घराण्यात शिरला कसा!