तळाचा टप्पा

पाटणकडच्या आमच्या गावात उंच खांबांवर पाण्याची टाकी व्हायची होती. भूकंपात ती टिकेल की नाही, हे आम्ही इंजिनिअर मंडळी सांगलीत बसून सांगणार होतो. कोयनेचा हादरा कुणी विसरलं नव्हतं. संगणक मुंबई-पुण्याला, आमच्याकडे हातानं फिरवायची गणकयंत्रं आणि चार माणसं. म्हणून खांबांचे चार टप्पे आम्ही वाटून घेतले. हादऱ्याच्या प्रत्येक क्षणाला आपला टप्पा किती सरकला ते प्रत्येकानं काढायचं, मोठ्यानं सांगायचं आणि शेजारच्यांचे आकडे घेऊनच पुढच्या क्षणाचं गणित मांडायचं.

तळाचा टप्पा सरांनी मागून घेतला. आम्हा तिघांना त्यांनीच शिकवलं होतं. पण आता त्यांचा हात थरथरायचा, आकडा उशिरा यायचा. सरांना घाई करायची कुणाची छाती? दुसरा टप्पा माझा. शहाणपणा सुचला तोही मलाच. सरांचा मागच्या क्षणाचाच आकडा धरून मी पुढे निघायचो. बाकीचे दोघे पाहायचे आणि गप्प बसायचे. याला आम्ही आदर म्हणत होतो!

कागदावर टाकीचा झोका वाढतच गेला. टाकी पडेल, असं आम्ही कळवून टाकलं. काम थांबलं.

उन्हाळ्यात गावी गेलो, तर थोरली बहीण नदीवरून हंडा घेऊन चढ चढत होती. मला बघून थांबली.

"लय शिकलास रं. तूच न्हाई म्हनलास म्हनं. मग पानी कवा यायचं?"

मी हंड्याला हात लावायला गेलो, तिनं लावू दिला नाही.

परतल्यावर सरच म्हणाले, झोका इतका वाढतो हे पटत नाही. त्यांनी माझे कागद मागवले. आपला प्रत्येक आकडा एक क्षण मागचा घेतलाय, हे त्यांना लगेच दिसलं; झोका त्या चुकीनंच फुगत गेला होता.

"माझ्यासाठी थांबला नाहीत?" एवढंच त्यांनी विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गणित पुन्हा केलं. या खेपेला सगळे थांबलो. झोका वाढला आणि ओसरला. टाकी टिकणार होती. तसं कळवलं, काम सुरू झालं; बहिणीच्या डोक्यावरचा हंडा मात्र आणखी एक उन्हाळा उतरला नाही.

तिनं नंतर तो विषय काढला नाही. माझ्या कानात राहिलं ते सरांचं बोलणं. त्या दुसऱ्या खेपेला ते हळूहळू दांडा फिरवायचे, आणि प्रत्येक आकड्याआधी, मान वर न करता, आम्हा पोरांना म्हणायचे, "उशीर झाला, माफ करा."