मिरचीचे हात

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर देठं खुडणारी एक बाई रोज संध्याकाळी, मी ऑफिसातून परतताना, माझ्याच शेअर रिक्षात असायची. वाटेत तिची सासू दीड-दोन वर्षांच्या नातीला घेऊन चढायची. हात कितीही धुतले तरी मिरचीची आग जात नाही, म्हणून बाई दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायची आणि पोरीच्या पाठीवरून नुसतं कोपर फिरवायची. पोर आजीला आणखीच बिलगायची.

एकदा मी म्हणालो, "सुट्टीच्या दिवशी तरी पोटभर लाड करत असाल."

ती बाहेर बघत म्हणाली, "सुट्टीना दिन हात साफ ऱ्हातस, भाऊ. पन पोरले काय माहीत? ती तोंड फिराई लेस."

हंगाम संपला की सगळं ठीक होईल, असं मी म्हणून टाकलं. असली वाक्यं मला पाठच आहेत, घरी वर्षानुवर्षं तीच ऐकवतोय.

त्या रविवारी मी लॅपटॉप कपाटात ठेवला आणि खुर्चीत मोकळा बसून राहिलो. माझी मुलगी चित्रकलेची वही घेऊन दारापर्यंत आली. मला पाहताच थांबली, आणि बाबांचं काम चालू असणार असं सवयीने धरून, चवड्यांवर चालत परत गेली.