पुडीतले चार कंडेन्सर

चौसाळ्यातल्या एका रेडिओ मिस्त्रीवर अन्याय झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ छातीठोकपणे सांगतो, कारण ती माझ्याच फोनमध्ये, माझ्याच मजकुराखाली अजून दिसते. अन्याय करणारा मी.

मी पत्रकं लिहितो. जळालेली विजेची डीपी, अर्धवट रस्ता, रेशनचं माप. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत, कुणी केला ते लगेच त्यामागे, ही आमची शिस्त. दुसऱ्यांच्या बाबतीत ती पाळताना हात कधी अडखळला नाही. म्हणून इथंही पाळली.

वडील शाळामास्तर होते. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. उमेदीच्या काळात रेडिओवरून भरून घेतलेल्या त्यांच्या सनईच्या कॅसेटी या मिस्त्रीचाचांनीच संगणकात उतरवून दिल्या. संगणकातून वायर एका छोट्या साउंडच्या डबीत, डबीतून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून दोन लाकडी स्पीकरांत. ॲम्प्लिफायर चाचांनी स्वतः बांधलेला. रोज दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की चाचा शटर अर्धं ओढून आमच्या ओसरीवर यायचे. दोघं म्हातारे तासभर सनई ऐकायचे. बोलणं नाहीच. मधे एखादी जागा आली की चाचा बोट वर करायचे आणि वडील मान हलवायचे. एवढंच.

त्या पावसाळ्यात ॲम्प्लिफायर घरघरायला लागला. चाचांनी आतले चार जुने, सुकलेले कंडेन्सर काढले, नवे घातले, घरघर गेली. काढलेले चार त्यांनी पुडीत बांधून माझ्या हातात दिले. त्यांची ही जुनी रीत होती. सेट कुणाचाही असो, काढलेला भाग गिऱ्हाईकाला परत. "उद्या कुणी म्हणायला नको, मिस्त्रीनं चांगला माल काढून घेतला," असं म्हणायचे. पुडीचा कागद आमच्याच एका पत्रकाचा होता.

चार दिवसांनी वडील म्हणाले, "सनई फाटायलीय रे."

मला काही वेगळं वाटलं नाही. सभेत भोंग्याखाली उभं राहून राहून माझे कान कामातून गेलेत. पण वडिलांचा चेहरा बघून चाचांना बोलावलं. चाचांनी आवाज अगदी बारीक केला आणि स्पीकरवर तळहात ठेवला.

"बारीक केलं तरी फाटायलंय. दोन्हीकडं सारखंच," ते म्हणाले. "हे ॲम्प्लिफायरचं न्हाई. मागून येतानाच फाटून येतंय. तुझा कंप्युटर जरा बाजूला ठेव. मोबाईल लावून बघू."

"तुम्ही हात लावायच्या आधी घरघर होती, पण फाटत नव्हतं ना?"

"न्हवतं."

"मग?"

"मग काय बे? दोन मिनटं दे. वायर काढतो, मोबाईलला लावतो."

"हात लावू नका," मी म्हणालो. हे तीन शब्द मी म्हणालो. "आता आणखी काय काढून न्यायचंय?"

वडील उठून उभे राहिले. "तोंड सांभाळ!" एवढंच त्यांना बोलता आलं. चाचांनी चपला घातल्या. जाताना त्यांनी बटण बंद केलं, सनई मधेच तुटली.

मला डीपीच्या मोर्चाची घाई होती. घाईत माणूस जे करतो ते मी केलं. पुडी उघडली, चार कंडेन्सर त्याच कागदावर मांडले, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: "ग्राहकांनो, सावध व्हा! दुरुस्तीच्या नावाखाली चांगले पार्ट काढले जातात. हा पुरावा." खाली चाचांच्या दुकानाचा पत्ता. जी पुडी त्यांच्या इमानाची खूण होती, तीच मी चोरीचा पुरावा म्हणून चव्हाट्यावर मांडली. लिहायची सवय होती. मजकूर लई जोरदार जमला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो चौसाळ्याबाहेर गेला. माझ्या मजकुराखाली कुणीतरी आणखी एक ओळ जोडली. चाचांच्या धर्माबद्दल होती. ती मी इथं उतरवत नाही. मी ती लिहिली नव्हती, असं कितीतरी दिवस स्वतःला बजावत राहिलो. पण ती ओळ ज्या भिंतीवर रंगवली ती भिंत मीच बांधून दिली होती.

लोक आपापले सेट परत न्यायला लागले. उघडलेले, अर्धे झालेले, तसेच. वडिलांनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही, पण जेवढ्यास तेवढं.

दिवाळीच्या आधी एका सभेचं रेकॉर्डिंग मोठ्यानं ऐकायचं होतं. ते मोबाईलमध्ये होतं म्हणून वायर मोबाईललाच जोडली. आतून वडिलांचा आवाज आला, "आता कसं काय साफ आलं?"

मी वायर परत संगणकाला लावली आणि सनई लावली. वडील म्हणाले, "फाटलं." पुन्हा मोबाईल. "साफ." असं तीनदा केलं. चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

मग संगणक उघडून बसलो. गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाची पट्टी शंभरावर नव्हती, दोनशेवर होती. खाली खर्ज-तारेच्या सगळ्या पट्ट्या टोकाला भिडलेल्या. शिवाय संगणकाचा आवाज वाढवायचा खटकाही चालू. हे कुणी केलं? चाचा ॲम्प्लिफायर देऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी रिक्षावरच्या भोंग्यासाठी मोर्चाला बोलावणारी हाळी याच प्रोग्रॅममध्ये वाजवून भरून घेतली होती. आमची पद्धत ठरलेली, जे जे वाढतं ते ते टोकाला न्यायचं. भोंग्यातून आवाज फाटूनच यावा लागतो, नाहीतर लोक म्हणतात दम नाही. हाळी झाली, मोर्चा झाला, पट्ट्या तिथंच राहिल्या. सनईला एवढी जागा कुठली? तिचे सूर वर आपटून चेचले जात होते.

सगळं खाली आणलं. दोन मिनिटं लागली. चाचांनी मागितली होती तेवढीच.

सनई स्वच्छ वाजली. वडील ओसरीवर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानी गेलो. शटर पूर्ण खाली. हायवेवर त्यांच्या मेव्हण्याचा फळांचा गाडा आहे, तिथं ते पपया तोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एका बाईला सुटे पैसे दिले.

"कितीवर होतं?" त्यांनी विचारलं.

"दोनशे."

"आन् गुरुजींना ऐकू आलतं. मलाबी आलतं. तुला कावून न्हाई आलं?"

मी म्हणालो, "चाचा, चुकलं. घरी चला."

"येतो कधी," ते म्हणाले. मग पपई पिशवीत घातली. "ही गुरुजींना दे. पिकलेली हाय, आजच खा म्हणावं."

ते आले नाहीत. वडिलांनी सेटवर चादर टाकली आहे.

मी त्याच ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. चाचांचा दोष नव्हता, माझा होता. सात जणांनी खाली अंगठ्याची खूण टाकली. तो मजकूर कुणी पुढं पाठवला नाही. माफीत जोर नसतो ना! आणि गेल्या आठवड्यात दिंद्रुडच्या एका नातेवाइकानं मला तोच फोटो पाठवला, माझंच पत्रक, माझेच चार कंडेन्सर. खाली लिहिलं होतं, "तुमच्या चौसाळ्याचा आहे, जपून."

मी पुसून पुसून किती पुसणार? तो आता तुमच्या फोनात आहे.

म्हणून मागणी तुमच्याकडे. फोन उघडा. पत्रकावर मांडलेल्या चार कंडेन्सरांचा फोटो शोधा. ज्याला ज्याला पाठवलात, त्याला त्याला आज लिहा की हे खोटं होतं, मिस्त्रीनं काही चोरलं नाही. नुसतं पुसून टाकून गप्प बसू नका. आणि घरात एखादा बंद पडलेला रेडिओ असेल तर तो घेऊन हायवेवर फळांच्या गाड्यापाशी या. चाचांना म्हणा, शटर उघडा, आम्ही थांबतो.