पांढऱ्याची पारख

दिग्रसच्या टीव्हीच्या दुकानात एलसीडी आणि प्लाझ्मा शेजारी लावलेले. दोन्हींवर एकच कसोटी सामना चालू होता. माझ्या आधी आलेला गृहस्थ खेळाडूंचे कपडे न्याहाळत अंगठ्यावर बोट चोळत होता. त्या सवयीवरून मी त्याला ओळखले. कापसाच्या बाजारातला हा व्यापारी; माझ्या भावाच्या बैलबंडीतला कापूस त्याने असाच चोळून पिवळा ठरवला होता आणि भाव पाडला होता. भाऊ आता नाही.

“प्लाझ्माचा पांढरा पिवळा दिसून राह्यला. मले शिकवता काय?” तो दुकानदारावर खेकसला आणि एलसीडी घेऊन गेला. काय ही पारखी नजर! बाजारात ती कुठे ठेवतो कोण जाणे.

“गुरुजी, तुमाले कोणता देऊ?”

मी प्लाझ्मा मागितला. मला तो पांढराशुभ्र दिसत होता, भावाच्या कापसासारखा.